डेटाचा मुक्काम कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात क्लाउडच्या बिलावर लिहिलं आणि पत्रं आली ती भलत्याच विषयावर, आपला डेटा नक्की कुठल्या देशात ठेवायचा यावर. बरीचशी ऐरोली, महापे, घणसोली पट्ट्यातून आहेत, त्यात नवल नाही, ठाणे-बेलापूर रोडला केमिकल कंपन्यांच्या शेजारी आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहतायत आणि त्यात काम करणारी निम्मी पोरं आपली वाचक आहेत असं दिसतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कंपन्यांची नावं गाळलीत. आणि हो, जिथे वकिलाची सही लागते तिथे वकीलच गाठा, मी डेटाबेसवाली आहे.

प्रश्न: नमस्कार ताई, मी ऐरोलीत एका छोट्या पेमेंट कंपनीत डेव्हलपर आहे, आम्ही दुकानदारांना क्यूआर आणि पेमेंट लिंक देतो. सीटीओ म्हणतात मेन डेटाबेस क्लाउडच्या मुंबई रीजनला, म्हणजे मुंबईतल्या सर्व्हरवर आहे ना, मग आरबीआयचा विषय संपला. पण आमचे लॉग्ज (ॲपच्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) अमेरिकेतल्या एका टूलमध्ये जातात आणि पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. खरंच विषय संपला का?

उत्तर: नाही संपला. तुम्हाला शंका आली ती अगदी बरोबर जागी आलीय.

आरबीआयचं सर्क्युलर 6 एप्रिल 2018 चं. एक-दीड पानाचंच आहे पण त्यातला एक शब्द सगळ्यांना महागात पडला, तो म्हणजे ‘फक्त’. पेमेंटचा सगळा डेटा फक्त भारतात ठेवायचा. म्हणजे भारतात एक कॉपी आणि बाहेर एक कॉपी असंही चालत नाही. मुदत 15 ऑक्टोबर 2018 पर्यंत होती. मग लोकांनी इतके प्रश्न विचारले की जून 2019 मध्ये आरबीआयने खुलासा काढला. त्यात असं की पेमेंटची प्रोसेसिंग बाहेर करायची असेल तर करा, पण झाल्यावर तो डेटा तिकडून पुसायचा आणि एक कामकाजाचा दिवस किंवा 24 तास यातलं जे आधी होईल त्याच्या आत भारतात आणायचा. व्यवहाराचं एक टोक परदेशात असेल तर देशातल्या भागाची कॉपी गरजेपुरती बाहेर ठेवता येते, एवढीच सवलत.

आता डेटा कशाला म्हणायचं? इथेच तुमचे सीटीओ घसरतायत. नुसता ट्रान्झॅक्शन टेबल नाही. ग्राहकाचं नाव, मोबाइल, ईमेल, पॅन, आधार, दोन्ही बाजूंचे खाते तपशील, ओटीपी, पिन, रक्कम, वेळ, रेफरन्स नंबर, हे सगळं त्यात येतं. आणि नियम बँकेपुरता किंवा लायसनवाल्यापुरता नाही, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या व्हेंडर, गेटवे, मध्यस्थ अशा सगळ्यांपर्यंत तो खाली झिरपतो. तुम्ही स्वतः लायसनवाले नसाल तरी तुमच्या वरची बँक तुम्हाला धरणार.

म्हणून ऑडिटवाला मेन डेटाबेसचं रीजन बघण्यात पाच मिनिटं घालवतो, बाकीचा वेळ तो कॉप्या शोधत फिरतो. त्याच्या आधी तुम्हीच फिरा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर स्लो क्वेरी लॉग (हळू चाललेल्या क्वेरींची नोंद) उघडा, त्यात अख्खी क्वेरी व्हॅल्यूंसकट छापलेली असते, मोबाइल नंबर आणि रक्कम शेजारी शेजारी, आणि तोच लॉग तुम्ही जर अमेरिकेला पाठवत असाल तर पेमेंट डेटा बाहेर गेला, त्याला लॉग म्हणा की आणखी काही म्हणा. एरर ट्रॅकिंगचं टूल बघा, ॲपमध्ये चूक झाली की ते रिक्वेस्टची अख्खी बॉडी, म्हणजे ग्राहकाकडून आलेला सगळा मजकूर, उचलून नेतं. बॅकअप क्लाउडच्या ज्या बकेटमध्ये (साठवणीच्या जागेत) जातो तिला कोणी कधीतरी क्रॉस रीजन रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या रीजनला आपोआप कॉपी, लावून ठेवलंय का बघा. सर्च इंडेक्स, रेडिस (तात्पुरत्या कॉप्यांचा साठा), काफ्काच्या टॉपिकमध्ये (सिस्टिमांमधल्या निरोपांच्या रांगेत) राहिलेले जुने मेसेज, मार्केटिंगवाल्यांच्या बीआय (रिपोर्टच्या) टूलमध्ये रोज रात्री जाणारा एक्स्ट्रॅक्ट, सपोर्टच्या तिकिटाला ग्राहकाने लावलेला स्क्रीनशॉट. आणि सगळ्यात अवघड म्हणजे कोणाच्या तरी लॅपटॉपवरचा डम्प (अख्ख्या डेटाबेसची काढलेली फाइल), आणि तो लॅपटॉप क्लाउडच्या फोल्डरला सिंक झालेला.

लॉगचं टूल सोडायची गरज नाही, बाहेर जाण्याआधी मधे एक गाळणी बसवा जी नंबर, ईमेल, व्हीपीए (यूपीआय आयडी) असलं काही दिसलं की खोडते. पण गाळणी भारतातच चालली पाहिजे, त्या टूलच्या सर्व्हरवर पोचल्यावर मास्क करून काही उपयोग नाही, तोवर तो बाहेर गेलेलाच असतो. महिन्याभरात एवढंच जमेल आणि एवढं केलंत तरी ऑडिटमध्ये मान वर करून बसाल. ऑडिट सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) यादीतल्या ऑडिटरकडूनच लागतं, तेवढं तपासून घ्या.

कार्ड नंबर साठवताय का हे तुम्ही लिहिलं नाहीत. साठवत असाल तर तो वेगळाच घोळ आहे, 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कोणी तो ठेवायचाच नाही, भारतात ठेवला तरी नाही. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव, बस.

आणि दुसरी कॉपी कुठे ठेवायची असं तुमच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या एकाने विचारलंय. भारतात, पण एमएमआरच्या, म्हणजे मुंबई महानगर पट्ट्याच्या, बाहेर. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रीड बसलं तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळ्यांचीच वीज एकदम गेली होती. ऐरोलीचा बॅकअप महाप्यात ठेवणं म्हणजे घराची दुसरी चावी त्याच खिशात ठेवण्यासारखं आहे. आता हैदराबाद, चेन्नई, दिल्ली, पुणे इथेही मोठ्या क्लाउडवाल्यांचे रीजन आहेत, तुमचा क्लाउड यातल्या कुठल्या शहरात आहे ते बघून तिथे ठेवा.

प्रश्न: मी नौपाड्यात सीएची प्रॅक्टिस करतो. माझ्या एका क्लायंटची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, अकाउंटिंग सॉफ्टवेअर ऑनलाइन आहे आणि सर्व्हर सिंगापूरला. क्लायंटचं म्हणणं आम्ही बँक नाही, आम्हाला कसला नियम. त्यांना काय सांगू?

उत्तर: तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, पण क्लायंटला दाखवायला छापील कागद हवा असावा असं समजून लिहिते. कंपनीज अकाउंट्स रूल्स 2014, नियम 3, पोटनियम 5. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर पाहिजे. आधी तिथे ‘ठराविक काळाने’ अशा अर्थाचे शब्द होते, ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीने ते ‘रोज’ झालं. म्हणजे सिंगापूरचा सर्व्हर बेकायदा नाही, रोजचा बॅकअप इथे नसेल तर मात्र अडचण आहे. शिवाय पुस्तकं भारतातून कधीही उघडता आली पाहिजेत, आणि सर्व्हिस देणारा बाहेरचा असेल तर भारतात त्या पुस्तकांवर ताबा असणाऱ्या माणसाचं नाव-पत्ता आरओसीला (कंपनी निबंधकाला) कळवावं लागतं.

हा नियम कंपनीला आहे, त्याच क्लायंटच्या भावाची प्रोप्रायटरशिप असेल तर तिला हा लागत नाही. भावाभावांत यावरून वाद होतात म्हणून सांगितलं.

एक गोष्ट तांत्रिक बाजूची. सॉफ्टवेअरवाला ‘बॅकअप’ म्हणून जी फाइल देतो ती कित्येकदा त्याच्या स्वतःच्या सर्व्हरशिवाय उघडतच नाही. अशी फाइल रोज ठाण्यात उतरवून घेतलीत तरी उद्या सॉफ्टवेअरवाला बंद पडला तर काय करणार? दर तिमाहीला एकदा तरी ती फाइल दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून ट्रायल बॅलन्स जुळतोय का बघायला सांगा, आणि रोजच्या बॅकअपची तारीख-वेळ कुठेतरी आपोआप नोंदली जाईल असं करायला सांगा, कारण वर्षाअखेरीला तुम्हालाच रिपोर्टमध्ये त्यावर लिहायचंय.

प्रश्न: ताई, वाशीला आमची सात-आठ जणांची टीम आहे, पेरोल सॉफ्टवेअर बनवतो. आतापर्यंत सगळे कस्टमर इथलेच होते, आता एक जर्मन कंपनी आली, ते म्हणतात आमच्या लोकांचा डेटा युरोपात हवा. त्यांच्या मागोमाग आखातातलाही एक विचारतोय. डेटाबेस पोस्टग्रेस. एकाच टेबलमध्ये देशाप्रमाणे ओळी वेगवेगळ्या जागी ठेवता येतात असं वाचलं, पार्टिशन करून. तसं करावं का प्रत्येक देशाला वेगळा डेटाबेस? मायग्रेशनचा (डेटा हलवण्याचा) धसका घेतलाय आम्ही.

उत्तर: आधी धसका कमी करते. सात-आठ जणांच्या टीमने प्रत्येक रीजनला वेगळा डेटाबेस, वेगळा ॲप सर्व्हर, वेगळे लॉग, वेगळा बॅकअप असा अख्खा संसार वेगळा मांडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला हे गावठी वाटतं, डिप्लॉयमेंट दोन-तीनदा करावी लागते, पण ऑडिटवाल्याला बोट दाखवून सांगता येतं की जर्मनीचं सगळं या खोक्यात आहे आणि या खोक्यातून बाहेर जाणारी वायर नाही.

आता पार्टिशनचं. पोस्टग्रेसमध्ये लिस्ट पार्टिशन 10 व्या व्हर्जनपासून, म्हणजे 2017 पासून आहे, देशाच्या कॉलमवर टेबल फोडता येतो, पण सगळे तुकडे त्याच सर्व्हरवर राहतात! हे विसरून लोक ‘आम्ही पार्टिशन केलंय’ म्हणून मोकळे होतात. तुकडा खरोखर दुसऱ्या देशात न्यायचा तर तो फॉरेन टेबल करून दुसऱ्या सर्व्हरशी जोडावा लागतो, आणि मग युनिक इंडेक्सची, म्हणजे एकच व्हॅल्यू दोनदा येऊ न देण्याच्या सोयीची, पंचाईत होते. पार्टिशन केलेल्या टेबलवर युनिक कन्स्ट्रेंट लावायचा तर त्यात पार्टिशनचा कॉलम घ्यावाच लागतो, आणि फॉरेन तुकडे असले तर तेवढाही लावता येत नाही. म्हणजे एक ईमेल जगात एकदाच, ही खात्री डेटाबेस देणार नाही, ती तुम्हाला ॲपमध्ये सांभाळावी लागेल.

त्यात अंतराचंही आहे. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो, मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन 65 मिलिसेकंद तर भौतिकशास्त्रालाच द्यावे लागतात, केबल वाकडीतिकडी जाते त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. एका पगाराच्या स्लिपला चाळीस क्वेरी असतील आणि त्यातल्या निम्म्या समुद्रापार जात असतील तर पगाराच्या दिवशी काय होईल ते बघा.

ओळीओळीने जागा ठरवणारे डेटाबेस आहेत, खोटं नाही. कॉक्रोचडीबीत ‘रीजनल बाय रो’ म्हणून टेबल करता येतो, प्रत्येक ओळीत रीजनचा एक छुपा कॉलम असतो आणि ओळ त्या रीजनला जाऊन बसते. मोंगोडीबीत झोन शार्डिंग आहे, शार्ड कीच्या (तुकडे ज्यावर पडतात त्या कॉलमांच्या) सुरुवातीला देश घ्यायचा. युगाबाइटमध्ये टेबलस्पेस वापरून जमतं. कॅसँड्रात कॉप्या किती आणि कुठल्या डेटा सेंटरला हे कीस्पेसला (टेबलांच्या गटाला) ठरतं, म्हणून देशागणिक कीस्पेस करायचा. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीच्या ग्लोबल टेबलच्या नावाला मात्र भुलू नका, तो अख्खा टेबल प्रत्येक रीजनला कॉपी करतो, आपल्याला नेमकं उलटं हवंय.

पण यातही फटी आहेत. कॉक्रोचडीबीच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये प्रांजळपणे लिहिलंय की इंडेक्स केलेल्या कॉलमच्या काही व्हॅल्यू सिस्टिमच्या मेटा रेंजमध्ये (कुठली ओळ कुठे आहे त्याच्या आतल्या यादीत) दिसू शकतात आणि त्या सगळ्या नोड्सवर, म्हणजे सगळ्या सर्व्हरवर, फिरतात, रीजनचं बंधन त्यांना नाही. शिवाय डिफॉल्टला कॉप्या दुसऱ्या रीजनलाही जातात, त्यासाठी प्लेसमेंट रिस्ट्रिक्टेड असं वेगळं सांगावं लागतं. म्हणून कुठलाही डेटाबेस असो, पॅन, ईमेल, पासपोर्ट नंबर हे प्रायमरी कीत (प्रत्येक ओळीची ओळख असलेल्या कॉलममध्ये) किंवा शार्ड कीत घालू नका. की म्हणजे निरर्थक आकडे-अक्षरं असावीत, यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारा लांबलचक आयडी) घ्या. सीरियल नंबर तर नकोच, दोन देशांत दोघांचा 1001 निघतो आणि रिपोर्टमध्ये जर्मनीच्या माणसाचा पगार नेरूळच्या माणसाला दिसतो.

तुमचं नशीब असं की तुम्ही कंपन्यांना विकता, एकेका माणसाला नाही. त्यामुळे जागा कंपनीवर ठरवा. कस्टमरच्या मुख्य टेबलमध्ये ‘घरचं रीजन’ असा एक कॉलम, करार होतो त्या दिवशी भरायचा, नंतर ॲपमधून बदलताच येणार नाही असा. आयपी ॲड्रेसवरून देश ओळखायच्या भानगडीत पडू नका, एखादा जर्मन मॅनेजर पंधरा दिवस गोव्याला आला म्हणून त्याचा डेटा भारतात आणायचा का? लॉगिनला आधी कंपनीचा कोड किंवा कंपनीचं वेगळं सबडोमेन घ्या, म्हणजे कुठल्या खोक्यात जायचं ते ईमेल न बघताच कळतं. काही जण सगळ्यांच्या ईमेलचा हॅश (मूळ ईमेल थेट न दाखवणारा सांकेतिक ठसा) एका मध्यवर्ती टेबलमध्ये ठेवतात, ते चालू शकतं, पण युरोपच्या नजरेत हॅश केलेला ईमेलही वैयक्तिक डेटाच असतो, तेव्हा उगाच वाढवा कशाला.

मध्यवर्ती जागी काय ठेवायचं? कंपनीचा कोड, रीजन, प्लॅन, बिलाची रक्कम. माणसाचं नाव दिसलं की ते रीजनच्या खोक्यात. मॅनेजमेंटला सगळ्या देशांचा एकत्र रिपोर्ट हवाच असतो, तो प्रत्येक रीजनमध्ये बेरीज करून नुसते आकडे इकडे आणून द्या, ओळी आणू नका. आणि बेरीज करतानाही एखाद्या ब्रँचला एकच माणूस असेल तर ती बेरीज म्हणजे त्याचा पगारच झाला, तेव्हा अगदी छोटे गट रिपोर्टमधून वगळा.

युरोपचा कायदा मात्र नीट समजून घ्या, तिथे चुकीची समजूत फार आहे. जीडीपीआर हा त्यांचा डेटा संरक्षण कायदा, 25 मे 2018 पासूनचा, तो ‘युरोपातच ठेवा’ असं म्हणत नाही. बाहेर न्यायचा तर काय काय कागद आणि काळजी हवी हे तो सांगतो. भारताला त्यांनी ‘पुरेसं संरक्षण असलेला देश’ असा दर्जा दिलेला नाही, म्हणून बहुतेक जण स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्च्युअल क्लॉज, म्हणजे युरोपने ठरवून दिलेली करारातली कलमं, सही करतात. तुमचा जर्मन कस्टमर युरोपातच हवा म्हणतोय तो कराराचा भाग आहे, कायद्यापेक्षा कडक, आणि एकदा करारात लिहिलं की पाळावं लागणारच. रशियाचं वेगळं, 1 सप्टेंबर 2015 पासून तिथल्या नागरिकांचा डेटा आधी तिथल्याच डेटाबेसात नोंदवायचा असा थेट नियम आहे, न पाळल्याबद्दल लिंक्डइन तिथे 2016 मध्ये बंद झालं. प्रत्येक देशाचं व्याकरण निराळं आहे, त्यामुळे आखातातल्या कस्टमरला ‘कुठल्या कायद्याचं कुठलं कलम’ हे लेखी विचारा. निम्म्या वेळा त्यालाही ते माहीत नसतं आणि मागणी आपोआप मवाळ होते.

प्रश्न: वरच्याच टीममधून दुसरं पत्र. एखादा कर्मचारी जर्मनीच्या ऑफिसातून पुण्याच्या ऑफिसला बदलून आला तर त्याची ओळ हलवायची कशी? आणि जुन्या बॅकअपचं काय?

उत्तर: सगळ्यात आधी ठरवा की हलवायची आहे का. जर्मनीतल्या पगाराच्या नोंदी तिथल्या कर-कायद्यासाठी तिथेच राहाव्या लागतील, तेव्हा जुनी ओळ तिथे ‘बंद’ करून इथे नवीन उघडणं बहुतेक वेळा पुरतं. दोन्हीकडे एकच व्यक्ती आहे हे जोडायला एचआरचा एम्प्लॉयी कोड आहेच.

खरंच हलवायची असेल तर कॉपी, पडताळणी, मग डिलीट, याच क्रमाने, आणि प्रत्येक पायरीची नोंद. बॅकअपमधून एक ओळ उपटून काढता येत नाही, कोणी तसं कबूल करून घेत असेल तर सही करू नका. बॅकअपची मुदत लिहून ठेवायची, समजा 35 दिवस, आणि हलवलेल्या आयडींची एक यादी बॅकअपच्या बाहेर ठेवायची, म्हणजे उद्या जुना बॅकअप रिस्टोर केला तर ती यादी चालवून त्या ओळी परत पुसता येतात. हे विसरलं की गेलेली माणसं रिस्टोरनंतर परत येतात, आणि कस्टमरला ते आपल्याआधी दिसतं.

प्रश्न: मी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये सपोर्टला आहे, नाइट शिफ्ट. क्लायंटचा डेटा फ्रँकफर्टला आहे आणि आम्ही फक्त स्क्रीनवर बघतो, डाउनलोड बंद आहे. मॅनेजर म्हणतात डेटा भारतात आलाच नाही. असं म्हणता येतं का?

उत्तर: म्हणता येतं पण टिकत नाही. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यानुसार दुसऱ्या देशातल्या वेगळ्या कंपनीने नुसतं दुरून उघडून पाहिलं तरी ते डेटा बाहेर पाठवणंच झालं. गंमत म्हणजे त्या सूचनांमधल्या एका उदाहरणात आपलाच देश आहे. पोलंडच्या कंपनीचा कर्मचारी मीटिंगसाठी भारतात येतो आणि इथून आपल्याच कंपनीचा डेटा बघतो, तर ते ट्रान्सफर धरत नाहीत, कारण तो कंपनीचाच माणूस. तुम्ही वेगळ्या कंपनीचे आहात, म्हणून तुम्ही ऐरोलीत बसून बघितलं तर ते ट्रान्सफर. क्लायंटने त्या स्टँडर्ड क्लॉजवर सही घेतली असेलच, एकदा विचारून घ्या. त्यांच्याकडचा दंड छोटा नसतो, डेटा अमेरिकेला पाठवल्याबद्दल मे 2023 मध्ये मेटाला 1.2 अब्ज युरो लावले होते.

तुमच्या हातात एवढंच, की तिकीट सोडवताना व्हॉट्सॲपच्या टीम ग्रुपवर स्क्रीनचा फोटो टाकू नका. डाउनलोड बंद असतं तिथे फोटोचा कॅमेरा चालू असतो, आणि सगळ्यांना हे माहीत असतं.

प्रश्न: खारघरहून. डेटा एन्क्रिप्ट करून बाहेर ठेवला आणि चावी भारतात ठेवली तर?

उत्तर: आरबीआयच्या पेमेंट डेटाला नाही चालणार, तिथे ‘फक्त भारतात’ म्हणजे एन्क्रिप्ट केलेलाही भारतात. युरोपसाठी मात्र याने खरोखर मदत होते, चावी युरोपातच राहिली आणि बाहेरच्याला ती मिळूच शकत नसेल तर. पण मग बाहेरच्याला तो डेटा वाचताही येत नाही, म्हणजे बॅकअप ठेवण्यापलीकडे उपयोग शून्य.

प्रश्न: मी नेरूळचा, बँकेतून रिटायर झालो. आमच्या पिढीला हे समजत नाही की डेटा भारतात ठेवून सामान्य माणसाचा फायदा काय? फ्रॉड तर रोज होतायत. आणि नवीन कायद्यात सगळाच डेटा भारतात ठेवायचा आहे म्हणे, खरं का?

उत्तर: काका, शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही. 2018 मध्ये सरकारने नेमलेल्या श्रीकृष्ण समितीने जो मसुदा दिला त्यात वैयक्तिक डेटाची एक प्रत भारतात ठेवण्याची अट होती. पुढे ती पातळ होत गेली, 2019 चं विधेयक 2022 मध्ये सरकारने मागे घेतलं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये जो डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षणाचा) कायदा झाला त्याच्या कलम 16 मध्ये उलटी रीत आहे, डेटा बाहेर नेता येईल, सरकार ज्या देशांची नावं जाहीर करेल ते सोडून. त्याच कलमात असंही आहे की एखाद्या क्षेत्राचा नियम जास्त कडक असेल तर तो तसाच राहील, म्हणून आरबीआयचं सर्क्युलर जिथल्या तिथे आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, आणि त्यात फार मोठ्या कंपन्यांना ठराविक डेटा देशाबाहेर न नेण्याची अट घालायची सोय सरकारने ठेवलीय.

फायद्याचं विचाराल तर फ्रॉड याने थांबत नाहीत. ओटीपी आपणच फोनवर सांगितला तर सर्व्हर महाप्यात होता की मेरीलँडला, काय फरक? फायदा आहे तो चौकशीचा. रेकॉर्ड इथे असलं की आरबीआयला किंवा पोलिसांना ते मागायला परदेशी कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. आणि आरबीआय हे नुसतं कागदावर ठेवत नाही, 2021 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स आणि मास्टरकार्ड यांना याच कारणासाठी नवीन ग्राहक घ्यायला बंदी केली होती, मास्टरकार्डची बंदी जून 2022 मध्ये उठली, अमेरिकन एक्स्प्रेसची ऑगस्ट 2022 मध्ये. तुम्ही बँकेत होतात, एवढ्या मोठ्या नेटवर्कला वर्षभर नवीन कार्ड देता न येणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एक तोटाही आहे, सगळं एका ठिकाणी गोळा झालं की ते मागणारे सरकारी हातही जवळ येतात, आणि त्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

प्रश्न: ताई मी कळव्याला राहतो, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या विषयावर प्रोजेक्ट करायचाय पण क्लाउडला पैसे नाहीत. आणि ते डेटा सेंटर आतून बघायला मिळतं का?

उत्तर: बघायला मिळत नाही रे, गेटवरच आयडी, बायोमेट्रिक आणि आधीची परवानगी लागते, आणि मोठे क्लाउडवाले तर आपलं रीजन नक्की कुठल्या इमारतीत आहे तेही सांगत नाहीत. कॉलेजमार्फत अर्ज केलास तर एखादी कोलोकेशन कंपनी (इतरांच्या सर्व्हरला जागा भाड्याने देणारी) ग्रुपला फिरवते कधीकधी, सरांना विचार.

प्रोजेक्टला पैसे लागत नाहीत. लॅपटॉपवर डॉकरमध्ये (एका मशीनवर वेगळे खोके, म्हणजे कंटेनर, चालवणारं सॉफ्टवेअर) तीन पोस्टग्रेस उभे कर, एकाला भारत म्हण, एकाला जर्मनी, तिसरा रिपोर्टिंगचा. व्हर्जन 15 किंवा पुढचंच घे, कारण लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (निवडक टेबलांची दुसऱ्या सर्व्हरवर चालू राहणारी कॉपी) अट घालून ठराविक ओळीच पाठवायची सोय 15 पासून आली. साधं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन अख्खा क्लस्टर, म्हणजे त्या पोस्टग्रेसमधले सगळे डेटाबेस, उचलून नेतं, त्यात देश-बिश काही कळत नाही. मग भारताच्या डेटाबेसमध्ये मुद्दाम एक ओळ टाक ज्यात ओळखू येईल असं नाव असेल, सगळीकडे इन्सर्ट, अपडेट, डिलीट चालव, बॅकअप घे, स्लो लॉग चालू ठेव, आणि शेवटी जर्मनीच्या आणि रिपोर्टिंगच्या कंटेनरमधल्या सगळ्या फायलींमध्ये ते नाव शोध. कुठे सापडलं, कशातून गेलं, एवढं लिहिलंस तरी प्रोजेक्ट झाला, आणि अपडेटमध्ये देशाचा कॉलम बदलल्यावर समोरची ओळ पुसली जाते का हे नक्की करून बघ, तिथे व्हायव्हाला परीक्षक हमखास थांबतो.